माझ्या छातीतला गॅस आणि सुलभा

सुलभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोईसरच्या इस्पितळात दुसऱ्या ऑपरेशनची तारीख घेत होतो. लाजत सांगतो, मनात पहिलं आलं ते हे, की आता माझ्या उशाशी कोण बसणार…

सुलभा माझी पालघरच्या शाळेतली मैत्रीण, तिथल्याच माहीमच्या वाडीतली. पुढे भूलतज्ज्ञ झाली. अर्ध्या तालुक्याला तिनं झोपवलं आणि, महत्त्वाचं म्हणजे, परत उठवलं. पहिल्या वेळी माझ्या छातीत गाठ निघाली, तेव्हा मी आमच्या सातपाटीभर ती नारळाएवढी सांगत फिरलो. होती लिंबाएवढी, भीती नारळाएवढी होती. आदल्या दिवशी सुलभानं समजावलं, "नारू, बारीक भोकांतून दुर्बीण घालणार. फुप्फुस दबून जागा व्हावी म्हणून आत गॅस भरतात. तो जास्त झाला की हृदयाकडे रक्त आणणाऱ्या शिरा दबतात. हृदयालाच रक्त कमी पोचलं, तर ते पुढे काय पाठवणार? रक्ताचं प्रेशर पडतं."

"मग?"

"मग गॅस काढायचा. मी हाय ना उशाशी, ऑपरेशन संपेपर्यंत."

आणि तसंच झालं. गॅस भरताच माझं प्रेशर धाडकन खाली आलं. सर्जन म्हणाले, आत्ता कुठे नीट दिसतंय. सुलभा म्हणाली, "आधी गॅस काढा, मग बघा." काढला, प्रेशर चढलं; मग कमी दाबानं, हळूहळू भरून गाठ काढली. हे तिनंच नंतर सांगितलं. गावात मी सांगतो की वर जाऊन आलो, वाटेत आजोबा भेटले, बोंबलाचा भाव विचारत होते. शुद्धीवर आलो तेव्हा ती म्हणाली, "बोल काहीतरी." मी विचारलं, "गाठ किती किलोची निघाली?" ती उशाशीच तिच्या स्टूलवर टेकली आणि सिस्टरला म्हणाली, "डोकं जाग्यावर हाय याचं."

आता दुसऱ्या बाजूला गाठ आहे. परवा नव्या, तरुण भूलतज्ज्ञांना म्हटलं, "डॉक्टर, गॅस जपून. माझं प्रेशर पडतं." म्हटलं खरं, पण माझ्या शब्दाला गावात कुत्रं विचारत नाही, इथे कोण विचारणार?

ते म्हणाले, "कागदात आहेच ते. पण सुलभा मॅडमनी त्यांच्या आजारपणात मला मुद्दाम बोलावून सांगितलं होतं. सातपाटीचे एक काका येतील, त्यांचं एकही वाक्य खरं मानू नका. गॅसचं तेवढं माना."

मी विचारलं, "तुमी उशाशीच बसणार ना?"

ते ऑपरेशन थिएटरात गेले आणि एक स्टूल दारापर्यंत आणून त्यांनी मला दाखवलं. वर सुलभाच्या हातची गोधडीची गादी होती, मधोमध दबलेली.