वरच्या मजल्याच्या सळया

आमच्या साडूंचा देवावर विश्वास आहे, बायकोवर आहे, एसटीच्या वेळापत्रकावरसुद्धा आहे. पण जगातल्या कुठल्याही भिंतीवर नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. इमारती तपासायच्या आणि त्या अजून किती भार सोसतील ते सांगायचं, हा त्यांचा धंदा. रुमाल विसरतील, पण खिशातली छोटी हातोडी विसरणार नाहीत. वाळूजला भाच्याच्या वास्तुशांतीत भटजी मंत्र म्हणत होते आणि हे कोपऱ्यात भिंत वाजवत होते. भटजी दोनदा थांबले. त्यांना वाटलं, दारावर कुणी आलंय. पुतण्यासाठी फर्दापूरला मुलगी पाहायला गेलो, तर पोहे येईस्तोवर साडू जिन्याखाली गायब. येताना अक्कांनी विचारलं, मुलगी कशी वाटली? तर म्हणाले, "छत लई गळतंय त्यांचं." लग्न जमलं ते जमलंच, वर त्या लोकांनी छतही दुरुस्त करून घेतलं.

एकदा आमच्या बैठकीत टीव्हीमागं चीर दिसली. पुट्टी भरून रंग मारू, असं मी म्हणालो मात्र, साडूंनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जसं काही मी तापलेल्या पोराला पावडर लावून शाळेत धाडतोय. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरचं घर बिचारं मधल्यामधी ओढलं जातं, हे त्यांनी मला चहा निवेस्तोवर समजावलं. मग चिरेवर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवली. चीर जुनी असेल तर काच शाबूत राहणार, चालू असेल तर तडकणार. तेव्हापासून आमच्या घरात दार आपटायची बंदी झाली. दर रविवारी साडू यायचे, चपला काढायच्या आधी काच बघायचे आणि मगच माझी तब्येत विचारायचे. काच काही तडकली नाही. आम्ही पेढे वाटले. साडू मात्र जरा हिरमुसलेच.

नात्यागोत्यातल्या लोकांनी त्यांना कमी छळलं नाही. घरचंच काम आहे, एवढं 'चालतंय' म्हणा, म्हणून किती जणांनी गळ घातली. साडू जेवायला बसायचे, दोनदा वाढून घ्यायचे आणि हात धुऊन नाही म्हणायचे.

बीड बायपासला त्यांचं स्वतःचं घर आहे, एक मजली. बांधतानाच गच्चीवर खांबांच्या सळया उंच सोडलेल्या, पुढंमागं मुलासाठी वरचा मजला चढवायचा म्हणून. सळया गंजू नयेत म्हणून अक्कांनी त्यांच्यावर प्लास्टिकच्या बाटल्या उपड्या घातलेल्या. मुलगा पुण्यात नोकरीला. गेल्या वर्षी तो म्हणाला, आता घरून काम करता येतं, वरचा मजला झाला तर बायकोपोरासकट इकडंच येतो. अक्कांनी त्याच दिवशी नातवाचा झोपाळा कुठं टांगायचा ते ठरवून टाकलं.

आणि साडूंनी हातोडी काढली. जुन्या घरावर नवा भार टाकायचा तर आधी तपासायला पाहिजेच, मग ते स्वतःचं का असेना. खांब वाजवले, ओळंबा सोडून भिंती सरळ आहेत का ते पाहिलं. सगळं ठणठणीत. शेवटी पाया बघायला कोपऱ्यात खड्डा खणवला, तर पाया खालच्या घट्ट मुरमापर्यंत गेलेलाच नव्हता, काळ्या मातीतच थांबला होता. गावभरच्या पायांच्या खड्ड्यांत उतरलेला हा माणूस स्वतःच्या घराचा पाया भरताना नेमका काविळीनं अंथरुणाला खिळलेला, आणि ठेकेदारानं तेवढ्यात हात आखडता घेतला. आहे ते घर उभं राहील, पण मजला चढणार नाही. खालून पाया बळकट करायचा तर अख्खं घर उखणावं लागणार होतं.

अक्कांनी झोपाळ्याचा विषय मिटवून टाकला. मलाच राहवलं नाही. म्हटलं, साडूभाऊ, आजवर नाही ते नाही, एकदा स्वतःसाठी तरी 'चालतंय' म्हणा. त्यांनी हातोडी पुसून खिशात ठेवली.

"पाव्हणं, दुसऱ्याच्या लेकरांसाठी नाय म्हणलो मी. मंग माझ्याच लेकराला त्या छताखाली कसा निजवू?"

मुलानं पुण्यात फ्लॅट घेतला. साडूंनी जाऊन तिथली भिंत न् भिंत वाजवली. एकही पोकळ निघाली नाही, आणि एवढं उदास मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सळया तशाच आहेत. कापून टाका म्हटलं, तर म्हणाले, कपडे वाळत घालायला बऱ्या पडतात. या दिवाळीला मुलगा बायकोपोरासकट आला होता, भाऊबीजेला सकाळी मी त्यांच्याकडं गेलो. दारातूनच हाक मारणार, तोच साडूंनी घाईनं ओठांवर बोट ठेवलं. जिना चढून गच्चीवर पाहिलं, तर सळयांना चारी बाजूंनी दोऱ्या बांधून ताडपत्री ताणलेली, आणि खाली गादीवरून एक मोठा पाय आणि एक चिमुकला पाय बाहेर आलेला.

"हळू बोला," साडू म्हणाले. "वरच्या मजल्यावर पोरं निजल्याती."