डोक्यावर ठेवलेला हात

माझी थोरली बहीण, तिला आम्ही बाई म्हणायचो, जन्मापासून मंद होती. बोलणं अगदी मोजकं. पण रोवणीला तिच्यासारखा हात आमच्या पंचक्रोशीत नव्हता. चिखलात वाकून मागे मागे सरकत ती धानाची रोपं लावायची आणि तिची ओळ सुतासारखी सरळ यायची. ही बढाई आहे आणि ती मी खुशाल मारते.

गावातला जो तो येता-जाता तिच्या डोक्यावर टिचकी मारून म्हणायचा, "बिमारी इथी आहे." त्यांची गंमत व्हायची. बाईने मात्र ते खरं मानून ठेवलं होतं.

एका श्रावणात ती रोवणी अर्धवट टाकून बांधावर जाऊन बसली. जेवली नाही, अंग तापलं. आईने बैलगाडी जुंपायला लावली आणि आम्ही तालुक्याचा दवाखाना गाठला.

"कुठे दुखतं?" डॉक्टरांनी विचारलं.

बाईने हात डोक्यावर ठेवला.

डॉक्टर हसले. "ते तर जन्माचंच आहे. झोपेचं औषध देतो, घरी न्या."

आई निमूटपणे उठायला लागली. मी परकरातली पोर, पण माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, तिले इचारू नका," मी म्हटलं. "तिले काम करू द्या, मंग पाहा."

अंगणातलं मूठभर गवत उपटून मी तिच्या हातात दिलं. "रोव, बाई."

ती तिथेच फरशीवर वाकली आणि एकेक काडी मांडू लागली. वाकणं जमलं. मग मागे सरकायला तिने उजवा पाय ओढला आणि पोटाच्या उजव्या अंगाला, खाली, हात दाबून मटकन बसली. ओरडली नाही. ती कधीच ओरडायची नाही, म्हणून तिला काही होतच नाही असं सगळे धरून चालायचे.

डॉक्टर खुर्चीतून उठले. त्यांनी त्या जागी बोट लावताच बाईने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"अपेंडिक्स आहे," ते म्हणाले. "घरी नेली असती तर हातची गेली असती." दुपारच्याच मोटारीने त्यांनी आम्हाला चांद्याला, जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात, धाडलं. तिथे ऑपरेशन झालं आणि बाई वाचली.

गावात परतलो तेव्हा शेजारची काकू विचारपूस करायला आली. बोलता बोलता सवयीने तिने टिचकी मारायला हात उचलला. बाईने तो हात वरच्यावर धरला आणि खाली आणून आपल्या टाक्यांवर ठेवला.

"इथी होती," ती म्हणाली.