मशीनवरची कस्तुराबाई

कस्तुराबाईच्या हातून कुणी चहाचा कप घेत नसे. सोलापुरातल्या ऑफिसांचे संडास ॲसिडनं घासून घासून तिची बोटं सोलल्यासारखी लाल झाली होती. नखांच्या कडेला भेगा. भाकरी थापताना पीठ भेगांत जायचं आणि झोंबायचं. हातमोजे मागितले की सुपरवायझर शहाजी सगळ्यांसमोर विचारायचा, "मोजे? का गं, हळद लागली का हातांना?"

मग सफाईच्या एजन्सीत काच धुवायचं मशीन आलं, आणि त्यापाशी बसायला कुणीतरी हवं झालं. शहाजीनं बोट दाखवलं. "ह्या म्हातारीला बसवा. हिला मोबाइल चालवता येत न्हाय, ही जागची हलणार न्हाय."

अशी कस्तुराबाई संडासांतून सुटली. तिच्या जागी ॲसिडची बाटली गेली मंद्रूपच्या दिपालीकडे. दिपाली तरणी, आठवीपर्यंत शिकलेली. काचेचं काम असेल त्या दिवशी ब्रशाची लांब काठी धरायची, बाकी सगळे दिवस संडास. मशीनपाशी स्टूल मात्र एकच.

पहिल्या दिवशी शहाजीनं समजावलं होतं, "आपल्या टँकरचं पाणी कसलं?"

"जड."

"वाळलं की?"

"पांढरं पडतंय. हंड्याच्या बुडाला खर धरतो तसं."

"त्यो खर काचेवर दिसला की ज्याची काच त्यो शेठ मला सोलतो, आन् मी तुला. म्हणून ह्या चार नळ्या. पहिलीत दोऱ्याची गुंडाळी. माती तितंच अडकती. दुसरीत कोळसा, त्यो पाण्यातल्या औषधाचा वास खातो. तिसरीत पडदा. पंप पाणी दाबतो, चांगलं तेवढं पडद्यातनं झिरपतं, क्षाराचं पाणी ह्या काळ्या पाइपानं भाईर. चौथीत खसखशीएवढं मणी. उरलासुरला क्षार ते धरून ठेवत्यात. मग पाणी निळ्या टाकीत. मीटर बुडवायचा. भोपळा आला पायजे, नुसता भोपळा. असलं पाणी काठीच्या ब्रशातनं काचेवर सोडायचं आन् तसंच वाळू द्यायचं. फडकं न्हाय, काय न्हाय."

"आन् काळ्या पाइपाचं?"

"गटारीत."

कस्तुराबाईनं गटारीकडे पाहिलं. निळ्या टाकीत करंगळीएवढी धार, गटारीत मनगटाएवढी. आणि दोन्हीकडचं पाणी दिसायला नितळ.

ती सांगोल्याकडची, मेंढरांच्या घरातली. तिकडं तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं मेंढरांना, आणि पाहुण्यानं तांब्यात उरवलेलं परत माठात. पाणी सांडलं म्हणून तिच्या सासूनं तिला उन्हात उभं केलं होतं, आणि त्यात सासूचं काही चुकलं असं कस्तुराबाईला आजही वाटत नव्हतं. तिनं काळा पाइप मुकाट्यानं एका पिंपात सोडला. शहाजीनं एकदा त्या पिंपात मीटर बुडवला, आकडा बघून थुंकला. "फरशीला वापर. टाकीपाशी आणू नगंस." शेवटचं वाक्य तो फोन कानाला लावत, जाता जाता बोलला. दिपाली शेजारीच होती, तिनं ऐकलं. कस्तुराबाईच्या कानात पंप घरघरत होता.

विजापूर रस्त्यावर गुरुलिंगशेठचं साड्यांचं नवं दुकान उघडायचं होतं. पुढची भिंत सगळी काचेची. मशीन, टाकी, पिंप, सगळं टेम्पोतून दुकानापुढं आणलं होतं. संध्याकाळी पाहुणे यायचे होते आणि दुपारीच निळी टाकी आटत आली. टँकर उशिरा आलेला. पडदा घाई ओळखत नाही. तो आपल्या चालीनंच झिरपतो.

"पाणी!" वरच्या काचेकडं बघत शहाजी ओरडला. "मेलीस का गं म्हातारे? पाणी सोड!"

कस्तुराबाई उठली. पिंप काठोकाठ भरलेलं. तिनं बादली बुडवली आणि दिपालीला विचारलं, "पोरी, ह्यातलं वतू का टाकीत? मीटर सायबाच्या खिशात ऱ्हायलाय."

दिपालीनं पिंपाकडं पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडं. अंगठ्याजवळची कातडी तिचीही सुटायला लागली होती.

"वता की, मावशी. पाणीच हाय की."

कस्तुराबाईनं ओतलं. एक बादली, मग आणखी, मग तळ खरवडून.

सोलापूरचं ऊन. काच बघता बघता वाळली आणि चुन्याचे शिंतोडे उडवल्यासारखी ठिपक्यांनी भरली. आतल्या बाहुल्यांच्या साड्या धुक्यात गेल्या. गुरुलिंगशेठ बाहेर आले, चष्मा पुसला, परत घातला.

"शहाजी, काच धुतली की रंगवली?"

शहाजी मशीनपाशी आला. खिशातला मीटर टाकीत बुडवला. मग पिंपात बघितलं, रिकामं.

"कुणी सांगितलं वतायला?"

कस्तुराबाईनं दिपालीकडं पाहिलं. "पोरी, तू व्हतीस की हितं. तूच म्हनलीस—"

"मी? मी काठी धरली व्हती, मावशी. माजं लक्ष वर व्हतं."

एवढं बोलून दिपाली काठीचे सांधे सोडवू लागली. ते घट्ट बसले नव्हते, तरी बराच वेळ सोडवत राहिली. तेव्हा कस्तुराबाईला कळलं. तिनं रिकाम्या स्टुलाकडं पाहिलं.

शहाजीनं टाकीतून पेला भरला. "तुला गटारीत सोडवत न्हाय न्हवं? पी मग."

"सायब..."

"पी!"

ती घटाघटा प्यायली. दुकानाच्या पोरी दारात जमल्या होत्या.

"कसं हाय?"

"बरं हाय की," ती म्हणाली, कारण विचारलं होतं. "आमच्या बोअरपरास बरं हाय."

गुरुलिंगशेठ हसले. आधी नाकातल्या नाकात, मग पोट धरून. पोरीही हसल्या. शेठ हसतायत म्हटल्यावर शहाजीचा जीव भांड्यात पडला. त्यानं पेला परत भरला. "शेठना पुन्हा बघायचंय. पी."

ती परत प्यायली. कडेनं गळ्यावर ओघळलं ते पदरानं टिपलं.

हसून झाल्यावर शेठ म्हणाले, "पाहुणे यायच्या आत निघालं पाहिजे हे."

वाळलेला क्षार पाण्यानं जात नाही. शहाजीनं ॲसिडची बाटली पाण्यात रिकामी केली आणि बादली कस्तुराबाईपुढं सरकवली. खालच्या काचा तिनं हातानं पुसल्या, शिडीवर चढून वरच्याही. भेगांत ते पाणी गेलं की ती ओठ दाबायची आणि पुढची काच घ्यायची. पलीकडून एक पोरगी बाहुलीच्या निऱ्या नीट करत होती. तिनं आतूनच बोट ठेवून दाखवलं: इथं राहिलंय.

पाहुणे आले तेव्हा काच चकचकीत होती. एजन्सीचं काम वाचलं होतं.

सोमवारी एका ऑफिसापुढं मशीन लावल्यावर शहाजीनं हुकूम सोडला. "कस्तुराबाई, परत संडासावर. जायच्या आधी दिपालीला मशीन दाव."

दिपाली स्टुलावर बसली. हाताला खोबरेल लावून आली होती. कस्तुराबाईनं दाखवलं: हा खटका, हा पंप, ही गुंडाळी तांबूस पडली की बदलायची, मीटर बुडवल्याशिवाय एक थेंब द्यायचा न्हाय. आवाज चढला नाही की उतरला नाही.

"आन् मावशी," दिपालीनं खाली बघूनच विचारलं, "काळ्या पाइपाचं पाणी?"

कस्तुराबाईनं पाइप पिंपातून ओढून काढला आणि टोक गटारीत टाकलं. धार जोरात होती.

"हितं सोडायचं," ती म्हणाली. "समदं. आन् तिकडं बघायचं न्हाय."

मग ब्रश उचलून ती जिना चढली. वरच्या मजल्यावरचे संडास अजून व्हायचे होते.