शेवटचा अर्धा तास

लितिआच्या जिभेला हाड नाही, असं लोक म्हणतात. नसू दे. ती माझी कॅप्टन, मी तिचा को-पायलट. तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं.

त्या दुपारी आम्ही टोंगाहून फिजीला परतत होतो. वादळाला वळसा घालण्यात जादाचं इंधन संपलेलं, जवळचा दुसरा विमानतळ पावसाने बंद. घरच्या धावपट्टीसाठी विमानांची रांग, आणि टॉवरमध्ये माईकवर इलाइतिआ, लितिआचे सख्खे मामा. आमच्यात वडीलधाऱ्यांना अडचणीत आणणारं तोंडावर बोलत नाहीत. मग आमचे वैमानिक आडून आडून सांगतात, इंधन जरा बेताचंच आहे, बघा बुवा. मीही तेच सांगितलं. मामा बरं म्हणाले आणि आम्हाला आणखी घिरट्या घालायला लावल्या, कारण आधी बड्या पाहुण्यांचं विमान उतरायचं होतं.

लितिआने आकडा पाहिला. शेवटच्या अर्ध्या तासाच्या इंधनाला हात लावायचा नसतो. आता उतरेपर्यंत त्यातलंच जाळावं लागणार होतं. मामा श्वास घ्यायला थांबले तेवढ्यात तिने रेडिओचं बटण दाबलं.

"मेडे, मेडे, मेडे, फ्युएल." म्हणजे इंधन संपत आलंय, जिवावर बेतलंय, सगळ्यांच्या आधी आम्हाला उतरवा.

मामांनी पाहुण्यांसकट सगळ्यांना बाजूला काढलं, आणि आम्ही उतरलो.

नंतर टाकीत वीसेक मिनिटांचं इंधन निघालं, आणि झालं, जो तो विचारायला लागला, एवढं शिल्लक होतं तर कांगावा कशाला? अरे, घराची राख झाल्यावर बंब बोलावता का तुम्ही?

गावाने ठरवलं, लितिआने यांगोनाची मुळं, आमच्याकडे माफी मागताना किंवा आभार मानताना पुढे ठेवतात ती, घेऊन मामांची माफी मागावी. आमच्या मुख्य वैमानिकांनी पुढे जोडलं, नाहीतर कॅप्टनपद जाईल. ते पद मिळवायला तिने उभं तारुण्य घातलं होतं.

ती मामांच्या घरी गेली. चटईवर सगळं गाव बसलेलं, मुख्य वैमानिकही. तिने मुळं समोर ठेवली.

"मामा, तुम्ही वाट मोकळी केलीत, त्याचे हे आभार. माफी नाही."

मामांनी मुळांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि रिवाजाप्रमाणे टाळ्या वाजवून ती स्वीकारली. मुख्य वैमानिकांचं मात्र तोंड उतरलं. म्हणाले, मग उद्यापासून को-पायलटच्या खुर्चीत बसायचं.

"बसते की," लितिआ म्हणाली. "मेडे म्हणायचं बटण तिथेही आहे."