चार थेंब आणि नवा तांदूळ

माझ्या आईला सत्तरीच्या उंबरठ्यावर भांग सुरू झाली आणि ती मीच आणून दिली. हे सांगितलं की शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका माझ्याकडे बघतच राहतात. मी लोणावळ्यात मुलांना गणित शिकवते, त्यामुळे माझ्याकडून असल्या उद्योगाची अपेक्षा कुणालाच नसते.

झालं असं की आईला नागीण झाली. फोड सुकले, पण डाव्या बरगडीखालची आग काही जाईना. लुगड्याचा पदर घासला तरी ती कळवळायची. गोळ्यांनी दिवसभर पेंगायची, म्हणून तिने त्या खिडकीतून फेकल्या. शेवटी एका वैद्यांनी रीतसर कागदावर लिहून विजयाचं तेल दिलं. संध्याकाळी जेवण झालं की चार थेंब. विजया म्हणजे भांगच, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला.

"आता या वयात मला गांजेकस कर! तुझ्या बापानं तंबाखू सोडून कशाला हात लावला न्हाई."

दुसऱ्या दिवशी बाटली मात्र तिनेच मागून घेतली.

आई आंदर मावळात एकटी राहते. घर, एक म्हैस, भाताची दोन खाचरं. एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि चुकली तर पायपीट. मी लोणावळ्यातच तुंगार्लीला राहते, माझ्याकडे तिच्यासाठी एक खोली रिकामीच आहे. पण ती यायला तयार नाही. "तुझ्या घरात मी पाव्हनी. हितं मी मालकीण," एवढंच म्हणते, आणि पुढे बोलायची सोय ठेवत नाही.

थेंब सुरू झाले आणि माझं डोकं फिरायची वेळ आली. पहिल्या दिवशी काहीच फरक नाही. दुसऱ्या दिवशी कित्येक महिन्यांनी गाढ झोप. तिसऱ्या दिवशी पुन्हा आग. एकदा फोनवर म्हशीचं नाक कसं दिसतं ते सांगता सांगता तिला असं हसू फुटलं की मीही हसले आणि फोन ठेवल्यावर घाबरले. मी एक वही केली. रोज संध्याकाळी फोन करायचा, थेंब किती ते विचारायचं, दुखणं किती ते लिहायचं. थेंबांच्या रकान्यात सगळीकडे चारच. दुखण्याच्या रकान्यात मात्र वाट्टेल ते आकडे. गणिताच्या बाईला याचा एकच अर्थ दिसतो.

"तू मोजायला चुकतेस," मी म्हणाले. एकदा नाही, रोज म्हणाले.

"आगं, पायलीनं बी मोजलंय मी आयुष्यभर. चार थेंब मोजता येत न्हाईत व्हय मला?"

मी ऐकलं नाही. माझा हा गुण तिच्याचकडून आलाय.

मग एका पहाटे शेजारच्या मावशींचा फोन आला. त्यांचं किराण्याचं दुकान आईच्या घराला लागूनच. नमाज उरकला की त्या रोज आईकडे चहाला जातात. म्हणाल्या, "बाय, तुझी आई राती लय घाबरलेली. छाती धडधडतीय म्हनं, मरते म्हनं. उठाया गेली ती उंबऱ्यात पडली. तिला घिऊन बसले व्हते मी. आता बरीय, पर तू ये."

मी पहिल्या एसटीने गेले. आई चुलीपुढे बसली होती, कोपर खरचटलेलं, चेहरा उतरलेला. मी तिला जवळ घेतलं पाहिजे होतं. मी हिशेब सांगितला. आता बाटली बंद. घराला कुलूप. म्हैस विकायची आणि माझ्याबरोबर चलायचं.

आई भांडली नाही, आणि तेच मला जड गेलं. खालमानेने म्हणाली, "येक म्हयना दे. त्यात पुना आसं झालं तर तू म्हनशील तशी येईन."

त्या दिवशी स्वयंपाक मी केला. तुंगार्लीला करते तसाच भात टाकला, एक वाटी तांदळाला अडीच वाट्या पाणी. झाकण काढलं तर आत नुसता गिचका. डाव बुडवला की तसाच उभा राहील असा. मी चडफडले, की रोजचंच माप, रोजचंच पातेलं.

आईने पातेल्यात डोकावून पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

"दिवाळीतला इंद्रायणी हाय. नवा. त्याला पानी कमी लागतं. तांदूळ नवा का जुना ते इचारलंस का?"

"माप तर तेच होतं."

"माप तेच गं. तांदूळ तोच व्हता का?"

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "तुझी वही आन."

मी पिशवीतून काढलेल्या वहीवर तिने बोट ठेवलं. तिला वाचता येत नाही, पण रकाने कळतात. "हितं थेंब लिवलेत. हितं दुखनं. मी कशी व्हते ते कुटं लिवलंय?"

मग आम्ही दोघी एकेक दिवस आठवत बसलो. गाढ झोप लागली त्या दिवशी मावशींनी तुपातला शिरा आणला होता. काही झालं नाही त्या दिवशी कोरडी भाकरी आणि चटणी. हसू फुटलं तेव्हा म्हैस व्यायली होती आणि आई आधीच खुशीत होती. बाटली तर तिने कधी हलवलीच नव्हती.

"आणि काल रात्रीचं?" मी विचारलं.

ती पदराशी चाळा करत सांगू लागली. त्याच्या आदल्या रात्री आजारी रेडकापाशी जागरण झालेलं. दिवसभर पोटात नुसता चहा. आग सोसवेना म्हणून जेवणाआधीच थेंब घेतले. तासभर वाट पाहिली, काही फरक नाही. मग तूप घालून दूधभात खाल्ला आणि आणखी चार थेंब घेतले.

"दोनदा? का?"

"तू म्हनत व्हतीस ना रोज, मोजाया चुकते म्हनून. मला वाटलं, चुकलेच आसंन."

मला रडू आलं. वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले, गणितात काय दिलंय ते आधी नीट वाचा. आणि माझ्या आईची घालमेल मी आकडा म्हणून लिहून ठेवत होते. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "आता रडू नको, भात खा. गिचका झाला तरी पोटात जातोच."

वैद्यांना सगळं सांगितलं, तेव्हा तेही ओशाळले. तेलातलं औषध स्निग्ध खाण्याबरोबर जास्त अंगी लागतं, चढायला दोन-दोन तास घेतं, आणि जागरण, भीती, उपाशी पोट यांनी त्याची तऱ्हाच बदलते, हे आपणच आधी बजावायला हवं होतं, असं म्हणाले. आता दोन थेंब, बरं नसलं तर तीन, त्यावर नाही. जेवण रोज एकाच वेळी, बाटली हलवून, आणि एकदा घेतलं की पुन्हा हात लावायचा नाही. जागरण झालं असेल त्या दिवशी औषध घ्यायचंच नाही.

आग पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. काही संध्याकाळी अजून ती बरगडी धरून बसते. पण तो महिना सुखरूप गेला, आणि नंतरचेही गेले. कुलूप मी आणलं होतं, ते माझ्याच कपाटात पडून आहे. वहीत एक रकाना वाढलाय, आणि तो मी सगळ्यांत आधी भरते.

काल फोन केला तेव्हा तिचं जेवण होत आलं होतं. मी थेंबांचं विचारलं नाही.

"आई, आज कशी आहेस?"

मागे म्हशीची घंटा वाजली. आई जराशी थांबली, जणू शीत चेपून बघत होती.

"आज नवी हाय मी," ती म्हणाली. "दोनच बास."