पंधरा नंबरचा बिल्ला

भोंगेकाकांना आमच्या गावात कोणी चांगलं म्हणत नाही. एकोणीस वर्षं झाली. ‘बोट बाहेर असताना भोंगा बंद करणारा माणूस’ एवढीच त्यांची ओळख. माझी वहिनी तर ते समोरून आले की रस्ता बदलायची. आणि हे सगळं ज्याच्यामुळे झालं तो मी, त्याच वहिनीच्या हातचं गरम जेवण दोन्ही वेळ जेवत होतो. सांगतो सगळं. शेवटी चार शिव्या घाला, हरकत नाही, पण मधे बोलू नका.

धक्क्याच्या टोकाला एक खोली आहे. तिच्यात हाताने फिरवायचा भोंगा, एक स्टूल, एक स्टोव्ह आणि भिंतीवर एकतीस खिळ्यांचा फळा. बोट बाहेर पडताना तिच्या नंबरचा पितळी बिल्ला खिळ्याला टांगायचा, आणि परत आल्यावर ज्याचा त्याने काढायचा. पाऊसवारा सुटून समोरचं दिसेनासं झालं की काका भोंगा फिरवायला घ्यायचे. फळ्यावर एक जरी बिल्ला लटकत असला तरी थांबायचं नाही, हा नियम. त्या आवाजाच्या रोखाने आम्ही खडकांमधलं बंदराचं तोंड शोधायचो.

काका अंगाने काडी, जिभेने तिखट. लग्न केलं नाही. समुद्राबद्दल बोलताना घरातल्या थोरल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे. ‘आज ते रागावलेत, घरी बसा.’ मी एकदा छाती काढून म्हणालो, ‘काका, आमचं आयुष्य पाण्यात गेलं, आम्हाला काय वादळ शिकवता?’ तर म्हणाले, ‘माशाचंही पाण्यातच जातं. शेवटी टोपलीत येतोच ना?’ सगळे हसले. मला राग आला होता. तेव्हा मला राग लवकर यायचा, आणि अक्कल उशिरा.

माझी बोट चौदा नंबरची, दादाची पंधरा. दोघांनी मिळून एक लबाडी चालवली होती. जो आधी येईल त्याने दोघांचे बिल्ले काढायचे. दादा बोट पलीकडे, घराजवळ बांधायचा. नुसत्या बिल्ल्यासाठी त्याला अख्खा धक्का तुडवत यावं लागायचं, म्हणून ही सोय. काका भोंग्याशी असले की त्यांची पाठ फळ्याकडे असायची. कधी कोणाला पत्ता लागला नाही.

त्या दिवशी काकांनी सकाळीच सांगितलं होतं, ‘दुपारच्या आत या.’ मासे बरे लागले होते, आम्ही रेंगाळलो. भरदुपारी असं अंधारून आलं की मला माझ्याच बोटीचं पुढचं टोक दिसेना. भोंग्याच्या आवाजावर जीव मुठीत धरून आत आलो. तोंडाशी वीज चमकली, मागे वळून पाहिलं तर दादाची बोट मागेच होती. हात हलवला त्याने.

मी खोलीत गेलो. काका चार तास भोंगा फिरवत होते, तळहाताला फडकी बांधलेली. फळ्यावर दोनच बिल्ले उरले होते, चौदा आणि पंधरा. मी दोन्ही काढून खिशात घातले आणि घरी पळालो. भूक लागली होती हो, दुसरं काही कारण नाही.

वहिनीने ताट वाढलं. ‘हे कुठेत?’ तिने विचारलं. ‘येतोय मागून,’ मी म्हणालो. दुसरा घास घेतला आणि भोंगा थांबला. इतका वेळ डोकं उठवणारा आवाज गेला तर मला बरं वाटलं. खरं सांगतो, बरं वाटलं.

दादाची बोट दुसऱ्या दिवशी खडकावर सापडली. बंदराच्या तोंडापासून शंभर पावलांवर. दादा सापडलाच नाही. तोंडाशी त्याचं इंजीन बंद पडलं असणार, लाटांनी मागे ओढलं असणार, आणि मग तो त्या अंधारात भोंगा ऐकू येण्याची वाट बघत राहिला असणार. हे ‘असणार’ मी रोज रात्री उशाला घेऊन झोपतो.

चौकशीला बंदराचे साहेब आले. सगळं गाव धक्क्यावर जमलं. काका एवढंच म्हणाले, ‘फळा रिकामा दिसला. चूक माझी.’ माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. वहिनी त्यांच्या अंगावर धावून गेली, बायकांनी तिला धरलं. मी मात्र गर्दीत मागे उभा होतो. बिल्ला खिशातच होता.

त्यानंतर चहाच्या दुकानात काकांच्या बाकावर कोणी बसेना. ते खोलीतच करून खायचे. मी रोज बिल्ला काढायला जायचो. ‘काढला,’ म्हणायचो. ‘हं,’ म्हणायचे. एवढंच बोलणं. वहिनीचं घर मी चालवलं, दादामागे झालेलं तिचं पोर वाढवलं, माझ्या लग्नाचं राहूनच गेलं, आणि तिने मला कधी उपाशी ठेवलं नाही.

गेल्या महिन्यात विजेचा भोंगा आला. काकांना भाच्याकडे जायचं होतं. जायच्या आदल्या दिवशी ते नव्या माणसाला देण्यासाठी खोलीतलं सामान आणि सगळ्यांकडून गोळा केलेले बिल्ले मोजत बसले होते. मी माझा बिल्ला काढून त्यांच्या हातात दिला आणि निघालो तर म्हणाले, ‘थांब रे. तीसच भरतायत. पंधराचा तुझ्याकडे आहे ना? आणून दे.’

‘काका, तुम्हाला ठाऊक होतं?’

‘शेवटी तूच आला होतास. दुसरं कोण काढणार?’

‘मग बोलला का नाहीत?’

‘बोललो असतो तर तिने तुझ्या हातून दाणा तरी घेतला असता का? पोटात पोर होतं तिच्या. माझं काय, एकटा जीव सदाशिव.’ मग म्हणाले, ‘आणि मीही माणसं मोजली नाहीत, खिळे मोजले. ते रागावलेले असताना खिळ्यांवर इतका विश्वास ठेवायचा नसतो. पण एक सांगू? ती रस्ता बदलते ना, ते सोसलं नाही कधी.’

मी घरी गेलो. डब्यातून बिल्ला काढला आणि वहिनीपुढे ठेवला. सगळं सांगितलं. तिने बिल्ला उचलला, चप्पल घातली आणि धक्क्याकडे चालू लागली. खोलीत दोघं काय बोलली मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ती काकांची पिशवी हातात घेऊन त्यांना बसपर्यंत सोडायला गेली. अख्ख्या गावाने पाहिलं.

माझ्याशी ती अजून बोललेली नाही. ताटही येत नाही.

नवा माणूस फळा रिकामा झाला की बटण दाबून भोंगा बंद करायला जातो. मी त्याला करू देत नाही. शेवटच्या बोटीतला शेवटचा माणूस धक्क्यावर पाय ठेवेपर्यंत मी तिथेच उभा राहतो. मला घरी जायची घाई नसते.