चेंडू जाऊ द्या, टॉवेल बघा

शिवप्पाअण्णा गोल्फ उभ्याने बघायचे. टीव्हीला नाक टेकेल इतक्या जवळ. आणि पडद्यावर खेळाडू आला रे आला की त्याला तळहाताने झाकून टाकायचे. जगातला मोठ्यात मोठा खेळाडू असला तरी अण्णांचा पंजा थेट त्याच्या तोंडावर. मग उरायचा फक्त बाजूला उभा असलेला कॅडी, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारा माणूस, आणि त्या पिशवीला लटकणारा टॉवेल.

"चेंडू जाऊ द्या मास्तर, त्यो कुटं पळून चाललाय? टॉवेल बघा!"

अण्णा आमचे सोलापुरातले शेजारी. त्यांचा टॉवेलचा लहानसा कारखाना होता. एका वर्षी मुंबईच्या दलालाने त्यांच्याकडून गोल्फसाठी छोटे टॉवेल विणून घेतले होते. राखाडी रंग, कोपऱ्यात पितळी कडी. दलालाला ते साधे हवे होते, पण अण्णांनी भांडून काठाला लाल धाग्याची एक ओळ घातली. "काठ न्हाय तर त्ये फडकं झालं की!" माल बोटीत चढला, पैसे आले, आणि दलाल पुन्हा फिरकला नाही. ते टॉवेल पुढे कुठे गेले, कुणाच्या हातात पडले, हे अण्णांना कधीच कळलं नाही.

"लेकी सासरी गेल्या तर निदान फोन करत्यात," ते म्हणायचे. "ह्यांचा पत्ताच न्हाय. एकदा, फकस्त एकदा नजरंला पडू दे."

म्हणून दर जुलैत विलायतेतली समुद्रकाठची मोठी गोल्फ स्पर्धा आमच्या गल्लीत पाहिली जायची. तीच का, तर तिथे हमखास पाऊस पडतो आणि पाऊस पडला की टॉवेल बाहेर निघतात.

माझी त्यांची ओळख पाण्यामुळे झाली. आम्ही नवे राहायला आलो होतो. आमची टाकी भरून वाहिली आणि त्यांच्या अंगणातले टॉवेलचे गठ्ठे भिजले. मी धावत जाऊन माफी मागितली. संध्याकाळी पुन्हा गेलो. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन गेलो. तेव्हा अण्णा कपाळावरचं भस्म पुसलं जाईपर्यंत हसले. "अय्यो मास्तर, टॉवेल हायत त्ये! पाणी प्यायलाच जन्माला आलेत!"

माझा स्वभावच तसा आहे. जे माझ्यामुळे झालं त्याचं मला वाईट वाटतं आणि जे माझ्यामुळे झालं नाही त्याचंही. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून समालोचनाचं मराठी करून सांगायचं काम माझ्याकडे आलं. गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. अंदाजे काहीतरी ठोकून द्यायचो आणि मग ते मला खात राहायचं. एकदा शाळेतून परस्पर त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. "अण्णा, काल मी वारा उत्तरेचा म्हणालो, तो पश्चिमेचा होता."

"मग? तुमी म्हनला म्हून त्यानं दिशा बदलली व्हय?"

स्पर्धा गुरुवारी सुरू व्हायची, पण अण्णांचं भाकीत सोमवारीच व्हायचं. गौरक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी मांडायच्या आणि अण्णा सरावाची दृश्यं बघून निकाल द्यायचे. खेळाडूचा हात कसा आहे, गेल्या महिन्यात तो काय खेळला, हे सगळं त्यांच्या लेखी फुकट. "ह्येचा कॅडी टॉवेल चोळामोळा करून कोंबतोय. ह्ये न्हाय जिंकत. त्यो बघा, अर्धा वला, अर्धा कोरडा ठेवलाय. काठी वल्यानं पुसायची, मूठ कोरड्यानं. कप त्येचाच!" दरवर्षी भाकीत सपशेल चुकायचं आणि दरवर्षी दोष जिंकणाऱ्याचा असायचा.

एका जुलैत गुरुवारी दुपारी तिथे पाऊस होता. पडद्याच्या कडेला एक लाल दाढीचा, कुणाच्या गणतीत नसलेला खेळाडू क्षणभर दिसला आणि त्याच्या कॅडीच्या खांद्यावर काहीतरी राखाडी.

"लाल वळ!" अण्णा ओरडले. "गौरी, लाल वळ दिसली!"

"डोळ्यात काय गेलं आसंल," गौरक्का आतून म्हणाल्या. तोवर दृश्य गेलं होतं.

आता सगळा प्रश्न शुक्रवारचा होता. पहिल्या दोन दिवसांनंतर निम्म्याहून जास्त खेळाडूंना घरी पाठवतात. ज्याचे फटके कमी तो टिकतो, आणि दाढीवाला अगदी काठावर होता. तो टिकला तर शनिवार-रविवारी दिसण्याची आशा. गेला तर टॉवेलही गेला. मी अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि मुख्याध्यापकांना खरं कारण सांगितलं. गोल्फ. त्यांना वाटलं मी घरातलं काही गंभीर दुःख लपवतोय. त्यांनी पाठीवर हात ठेवून पूर्ण दिवसाची रजा दिली. ती घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवारी अण्णांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. कारखान्यातले विणकर, त्यांच्या बायका, समोरचा किराणावाला, सगळे आले. तीन तास पडद्यावर नुसते नामांकित खेळाडू. आमच्या दाढीवाल्याला कोण दाखवणार? किराणावाला वैतागला, "अण्णा, ह्येच्यापरीस माझं दुकान बघा, तितं तरी कोन येतं-जातं!"

आणि चहाच्या वेळेला, त्याच्या शेवटच्या होलवर, म्हणजे शेवटच्या खड्ड्याच्या वाटेवर, तो दिसला. चेंडू उंच गवतात होता. अण्णांचा पंजा सवयीने त्याच्या तोंडावर गेला. तो फटक्यासाठी वाकला, हाताने गवत जरा बाजूला केलं, आणि एकदम थांबला. सरळ उभा राहिला. हात वर करून पंचाला बोलावू लागला.

"काय म्हनतोय? मास्तर, काय म्हनतोय?"

मी कान टवकारले. "तो म्हणतोय, माझ्या हाताने चेंडू हलला. एक फटका दंड लावा."

"हलला? कुनी बघितलं?"

"कुणीच नाही. कॅमेऱ्यालाही दिसलं नाही. तोच सांगतोय."

अण्णांनी पडद्यावरचा हात हळूच काढून घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एका खेळाडूचा चेहरा बघितला.

पंच आला, बोलणं झालं, चेंडू जागेवर ठेवला गेला. आणि हे सगळं चालू असताना कॅमेरा तिथेच थांबला होता. कॅडीने खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला आणि सावकाश काठी पुसायला लागला. राखाडी रंग. पितळी कडी. आणि काठावर, गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या विणकरालाही चष्म्याशिवाय दिसेल अशी, लाल धाग्याची ओळ.

मग जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही. विणकर एकमेकांच्या गळ्यात पडले. किराणावाल्याने चटणीचा अख्खा डबा हवेत उडवला. गौरक्का पदराने डोळे पुसत टीव्हीतल्या टॉवेलला म्हणाल्या, "बारीक झालास रे." आणि अण्णा नाचत होते. "अर्धा वला! अर्धा कोरडा! नोडरी, बघा बघा!"

सकाळी कळलं, दाढीवाला एका फटक्याने बाहेर गेला. त्याच फटक्याने. मी पडलेल्या चेहऱ्याने अण्णांकडे गेलो, तर ते गल्लीभर पेढे वाटत होते. हरलेल्या खेळाडूचे पेढे. मी म्हणालो, "अण्णा, मला फार वाईट वाटतंय. आपण इकडे टॉवेलसाठी नाचत होतो आणि तिकडे तो बिचारा..."

अण्णांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला. "त्यो बिचारा? त्येचं बघितलं का तुमी? चुकलं, सांगितलं, एक मोजला आन् म्होरं चालला. तुमी मातर आजून गवतातच हुबं! माझे टॉवेल वाळून, इकून, फाटून गेले, मास्तर. तुमची टाकी आजून वाहतीयाच."

मला हसू आलं आणि पेढा घशात अडकला.

अण्णा गेल्या हिवाळ्यात गेले. झोपेतच, कुणाला त्रास न देता. या जुलैत गौरक्कांनी मला स्पर्धा बघायला बोलावलं. सोमवारचं भाकीत त्यांनी केलं आणि तेही चुकलं. शुक्रवारी खेळ बघताना मी उत्साहात उठलो आणि माझ्या हातून चहाची कपबशी त्यांच्या धुतलेल्या चादरीवर पालथी झाली. "अक्का, माझंच चुकलं, मी आत्ता धुऊन देतो, मी खरंच..."

गौरक्कांनी पडद्यावरची नजर काढली नाही. एक तळहात खेळाडूच्या तोंडावर तसाच ठेवून, दुसऱ्या हाताचं एक बोट त्यांनी माझ्यापुढे वर केलं.

"एक मोजा," त्या म्हणाल्या. "आन् बसा. पाऊस सुरू झालाय तितं."